दोन रोग, एकच रुग्ण

(रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीतील ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर क्षय हा शब्द जुनाच आहे. एचआयव्हीची भारतातील पहिली नोंद १९८६ मध्ये झाली. तो शब्दही आता परका राहिलेला नाही. परंतु या दोहोंचा परस्परसंबंध अद्याप पुरेसा ध्यानात आलेला नाही. एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूचे जगातील प्रमुख कारण क्षय हेच आहे. आणि क्षय तर औषधाने बरा होतो!

क्षयाचे जंतू शरीरात शिरले म्हणजे रोग झालाच, असे नव्हे. ते वर्षानुवर्षे निद्रिस्त राहू शकतात. असे जंतू बाळगणाऱ्या शंभर निरोगी माणसांपैकी पाच ते दहांनाच आयुष्यात केव्हातरी रोग जडतो. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावली व त्यावर उपचार झाले नाहीत, तर जवळजवळ तेवढा धोका एकेका वर्षात संभवतो. शिवाय अशा रुग्णाच्या थुंकीत जंतू कित्येकदा आढळत नाहीत. म्हणून खोकला दोन आठवडे टिकण्याची वाट पाहू नये. कितीही दिवसांचा खोकला, ताप, वजनातील घट किंवा रात्रीचा घाम, यांपैकी एक लक्षण दिसले तरी एचआयव्हीबाधिताने तपासणी करून घ्यावी. क्षय नसल्याची खात्री झाल्यास प्रतिबंधक औषध देता येते.

त्याचप्रमाणे प्रत्येक क्षयरुग्णाची, त्याच्या संमतीने, एचआयव्ही चाचणी व्हावयास हवी. दोन्ही रोग असल्यास प्रथम क्षयाचे व सामान्यतः दोन आठवड्यांच्या आत एचआयव्हीचे औषध सुरू करतात. क्षयावरील रिफाम्पिसिनमुळे एचआयव्हीच्या काही औषधांचा प्रभाव कमी होतो. सबब डॉक्टरांना दोन्ही गोष्टी ठाऊक असणे अत्यावश्यक आहे.

डॉक्टरांना सांगावे, गावाला मात्र कळण्याचे कारण नाही. येथेच आपले कर्तव्य सुरू होते. क्षयाचा उपचार साधारणतः सहा महिन्यांचा. यांत्रिक मासेमारीची पावसाळी बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे दोनच महिन्यांची. तेव्हा खलाशाला गोळ्या होडीवर न्याव्याच लागतात. केंद्रावर आधी सांगून पुरेशी औषधे सोबत घ्यावीत. पण सोबती नाना प्रश्न विचारतील, या भीतीने त्याने गोळ्या टाळल्या, तर औषधांना न जुमानणारा क्षय उद्भवू शकतो आणि तो साऱ्या घराला घातक ठरतो.

२०२३ मध्ये सुरू झालेल्या टीबीमुक्त पंचायत उपक्रमामुळे क्षयनिर्मूलनात ग्रामपंचायतींचा थेट सहभाग आला. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी दरमहा १,००० रुपयांचे साहाय्य रुग्णाच्या बँक खात्यात देण्याची तरतूद आहे. ते मिळते की नाही, हे सदस्यांनी अवश्य पाहावे. परंतु ‘दुसरा आजारही आहे काय?’ हा प्रश्न कदापि विचारू नये. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या कायद्याने एचआयव्हीविषयीच्या माहितीच्या गुप्ततेस संरक्षण दिले आहे. या कारणावरून नोकरीत वा शाळेत भेदभाव करण्यासही मनाई आहे. शिक्षकांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

औषध शासन विनामूल्य पुरवते. ते निर्धास्तपणे घेता येईल असे गाव मात्र आपणच घडवावयाचे आहे.

जय हिंद! जय महाराष्ट्र!