आलुअ



मला ‘सॉफ्टवेअरमधली माझी वाटचाल’ हा विषय दिला होता. तो ऐकून तुम्ही जेवणाआधीच झोपाल. त्यापेक्षा सकाळपासून चहाच्या रांगेत निम्म्या वर्गाने जे विचारलं, त्याबद्दलच बोलते. हो, आमची लेक ओडिशाची. ‘माझं नाव सांगू नकोस, आलुअची गोष्ट सांग,’ अशी तिची परवानगी घेऊन आले आहे.

२०१६ मध्ये आम्ही ‘कारा’च्या पोर्टलवर नोंदणी केली. देशातलं कुठलंही राज्य चालेल, असं भरलं. घरी येऊन चौकशी झाली, अहवाल गेला, मग नुसती वाट पाहणं. दोन वर्षांनी ऐन मीटिंगमध्ये फोनवर संदेश आला. एक फोटो, तीन वर्षांच्या मुलीची माहिती, वैद्यकीय तपासणीचे कागद. ४८ तासांत कळवायचं होतं. फोटोत ती कॅमेऱ्याकडे चक्क रागाने बघत होती. मी मीटिंगमधून उठले, ती त्या दिवशी परत गेलेच नाही.

भुवनेश्वरहून कोणार्क एक्स्प्रेसने आम्ही पुण्याला आलो. दीड दिवसाच्या प्रवासात तिने पाणी मागितलं, भात मागितला. मला वाटलं, सोपं आहे की! ओडियात पाणी म्हणजे पाणीच, बाणाच्या ‘ण’सकट. फळ म्हणजे फळ. बाई, तुम्ही छडी दाखवून घोटून घेतलेला ‘ळ’ त्यांच्याकडेही आहे.

घरी आल्यावर दिवा मालवला आणि ती रडायला लागली. ‘आलुअ, आलुअ!’ बटाटा हवा असेल म्हणून मी मध्यरात्री कुकर लावला. तिने बटाटा भिरकावून दिला. तीन रात्री हेच. चौथ्या दिवशी संस्थेतल्या मावशींना फोन केला, तर त्या हसत सुटल्या. आलुअ म्हणजे उजेड. तिथे मुलांच्या खोलीत रात्रभर दिवा असायचा. तीन रात्री माझी लेक अंधारात दिवा मागत होती आणि मी तिला बटाटे भरवत होते.

एवढं होऊनही मी शहाणी झाले नाही. एका डॉक्टरांनी सांगितलं, घरात एकच भाषा ठेवा, मूल गोंधळतं. आम्ही ऐकलं. चार महिन्यांत ती घडाघडा मराठी बोलायला लागली, सगळ्यांनी कौतुक केलं, मी फुशारले. ओडिया कधी गेली ते कळलंही नाही.

मागच्या वर्षी तिने विचारलं, ‘आई, मी आले तेव्हा कशी बोलायचे? ऐकव ना.’ फोनमध्ये शेकडो फोटो निघाले. व्हिडिओ दोनच, आणि त्यांत आवाज माझाच: ‘पाणी म्हण. थँक्यू म्हण.’ नोकरीत मी लोकांच्या डेटाचे बॅकअप सांभाळते!

दोघीतिघींनी कागदपत्रांचं विचारलंय. आमचा हुकूम न्यायालयातून झाला, २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात; बाकी जेवताना सांगते. पण दुसऱ्या राज्यातलं मूल आणणार असाल तर तिथल्या मावशींकडून पन्नास शब्द आधी लिहून घ्या. भूक, शू, भीती, अंधार. आणि मूल जे बोलेल ते रेकॉर्ड करा, कळो न कळो.

आता ऑफिसातली एक ओडिया मैत्रीण दर रविवारी आम्हा दोघींना शिकवते. ओडियाला अभिजात दर्जा २०१४ मध्ये मिळाला, मराठीला २०२४ मध्ये. हे कळल्यापासून लेक मला दहा वर्षं मागे असल्याचं ऐकवत असते. सुट्टीत आम्ही भुवनेश्वरला जाणार आहोत. मावशींना सांगायला तिने एक वाक्य पाठ केलंय, ‘मुँ पुणेरु आसिछि’, मी पुण्याहून आले. मी ‘फळ’ म्हटलं की ती थांबवते. तिकडे शेवटचा ‘अ’ पूर्ण म्हणतात, आई. आपल्यासारखं तोडत नाहीत.