मांजर आहे, तरी उंदीर का?

(आपल्या प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका पशुसखी ताईंनी केलेले हे भाषण. बऱ्याच जणींनी मागणी केल्यामुळे छापत आहोत.)



दर वेळी मी शेळ्यांच्या लसीकरणावर नाहीतर कोंबड्यांच्या मरीवर बोलते. आज उंदरांवर बोलणार आहे. हसू नका. गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाने पापडासाठी घेतलेली नाचणीची दोन पोती उंदरांनी फोडली. खाल्लं थोडं, नासलं जास्त. लेंड्या आणि मुताचा वास लागलेलं धान्य पापडाला कसं वापरणार? आणि कर्जाचा हप्ता काही उंदीर भरत नाही, तो आपल्यालाच भरायला लागतो.

पोती माझ्या घरी होती. राग आला, लाजही वाटली. बाजारातून उंदराच्या औषधाच्या वड्या आणल्या आणि माळ्यावर, कोठीमागे टाकल्या. चार-पाच दिवसांनी उंदीर झिंगल्यासारखे उघड्यावर फिरायला लागले. शेजारच्या काकींची मनी आमच्याकडे यायची, तिला आयती शिकार मिळाली. मी खूश. म्हटलं, औषधही काम करतंय आणि मनीही. पुढच्या आठवड्यात मनी जेवेना. कोपऱ्यात बसून राहिली. हिरड्या पांढऱ्याफटक, नाकातून रक्त. दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. मागे तीन पिल्लं, नुकते डोळे उघडलेली.

काकी मला एवढंच म्हणाल्या, "तू पशुसखी ना गं?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आज हे सांगायला उभी राहिले.

त्या वडीत ब्रोमॅडिओलोन नावाचं औषध असतं. त्याने रक्त गोठायचं थांबतं आणि आतल्या आत रक्त वाहायला लागतं. उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस घेतो. त्या दिवसांत तो सुस्तावतो आणि मांजराच्या तोंडी सहज येतो. एका उंदराने कदाचित काही होणार नाही, पण रोज एक-दोन खाल्ले तर विष साठत जातं. यावर व्हिटॅमिन के-1 हा उतारा आहे, पण तो वेळेत आणि डॉक्टरांकडूनच द्यायला लागतो. दुसरी ती काळसर पूड, झिंक फॉस्फाईड. पिठात कालवून ठेवतात. पोटात गेली की विषारी वायू तयार होतो आणि त्याला उताराच नाही. धान्यातल्या गोळ्यांचंही तेच. ज्या घरात माणसं झोपतात तिथे त्या ठेवूच नका. आणि ट्यूबमधली उंदराची पेस्ट, तिने माणसाचं काळीज निकामी होतं. लहान मुलं दात घासायची पेस्ट समजून तोंडात घालतात. मांजर असो वा नसो, असलं विष घरात नकोच.

आता तुम्ही म्हणाल, मांजर आहे मग उंदीर राहतातच कसे? मैत्रिणींनो, घरातला छोटा उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून आत शिरतो. तिथे मांजराचा पंजाही जात नाही. उंदरी तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं. दीड-दोन महिन्यांत तीही विणायला तयार. मांजर एक धरेल, दोन धरेल. बाकीचे भिंतीत सुखात. आणि कितीतरी मांजरांना शिकार येतही नाही, कारण आईपासून लवकर तोडलेली असतात. मांजर उपाशी ठेवली की जास्त उंदीर धरते, हाही गैरसमज. पोट भरलेली मांजरही शिकार करते. मांजर ही आपली मदतनीस आहे. घराची राखण मात्र आपणच करायची.

मी मग काय केलं, ते क्रमाने सांगते.

पहिलं, खाणं बंद. मांजराचं दूध-भाकरीचं ताट रात्रभर पडून असतं, त्यावर उंदीरच जेवतात. मांजराला ठरल्या वेळी वाढा आणि अर्ध्या तासाने ताट उचला. कोंबड्यांचं खाद्य झाकणाच्या डब्यात ठेवा. धान्य पोत्यात नको, पत्र्याच्या कोठीत ठेवा. कोठी विटांवर उचलून, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. म्हणजे मांजराला मागून फिरता येतं आणि उंदराला लपायला जागा राहत नाही.

दुसरं, वाट बंद. रात्री बॅटरी घेऊन बघा. जिथे लेंड्या दिसतात आणि भिंतीला काळपट तेलकट घासल्याच्या खुणा दिसतात, ती त्यांची वाट. त्या भोकात तारेची घासणी कोंबा आणि वरून सिमेंट लावा. नुसती माती लावली तर एका रात्रीत उकरतात. दाराच्या खाली पत्र्याची पट्टी ठोका. वळचणीला टेकलेल्या फांद्या तोडा.

तिसरं, पिंजरा. भिंतीला लागून ठेवा, कारण उंदीर भिंतीकडेनेच पळतो. पहिले दोन-तीन दिवस दार उघडंच बांधून ठेवा, आत खाणं ठेवा, त्याला सवय होऊ दे. मग खटका लावा. सुकट लावू नका, उंदराआधी मांजर येईल! भाजलेला शेंगदाणा लावा. खटक्याचा सापळा असेल तर तो खोक्यात ठेवा आणि खोक्याला उंदरापुरतंच भोक पाडा. चिकट पुठ्ठा नको, त्यात मांजराचे केस आणि पाय अडकतात. डांबर गोळ्याही मांजराला विषारी आहेत.

चौथं, सफाई. सुक्या लेंड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. तोंडाला फडकं बांधा, हातात पिशवी घाला, ब्लिचिंग पावडरचं पाणी शिंपडा, थोड्या वेळाने पुसून घ्या. फिनाईल मांजराला बाधतं. ती पाय चाटते आणि ते पोटात जातं. आपल्या कोकणात पावसात लेप्टोचा ताप येतो, तो उंदरांच्या मुतातूनही पसरतो. पायाला जखम असेल तर उघड्या पायाने चिखलात उतरू नका. ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या, तर घरी अंगावर काढू नका, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जा.

आता शेवटचं, ज्यासाठी हे सगळं सांगितलं. मनी मेली ती तिच्या घरातल्या विषाने नाही, माझ्या घरातल्या विषाने मेली. मांजराला कुंपण नसतं, उंदरालाही नसतं. एका घराने पोती झाकली आणि शेजारणीने उघडी ठेवली, तर उंदीर फक्त घर बदलतो. म्हणून हे काम एकटीचं नाही, गटाचं आहे. आमच्या गटाने ठराव केला. वाडीत कोणी विष टाकायचं नाही. सहा पिंजरे गटाच्या पैशांतून घेतले, ते आळीपाळीने फिरतात. अंतर्गत कर्जातून आधी कोठ्या घेतल्या. सुगीच्या आधी एक दिवस ठरवून सगळ्या घरांची भोकं एकदम बुजवली. यंदा पापडाची नाचणी एक मूठही गेली नाही.

मनीची दोन पिल्लं जगली. शेळीच्या दुधावर मी आणि काकींनी मिळून वाढवली. एक काकींकडे, एक माझ्याकडे आहे. काकी आता माझ्याशी बोलतात. पण माळ्यावर चढले की पहिलं विचारतात, "काही टाकलं नाहीस ना गं?" मी म्हणते, "नाही काकी, शेंगदाणाच आहे."

तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, एवढीच विनंती.

जय हिंद, जय महाराष्ट्र!