मज्जासंस्था आणि मिरगी



मेंदू आणि मज्जारज्जू हे शरीराचे मुख्य कार्यालय. मेंदूतून निघणाऱ्या 12 व मज्जारज्जूतून निघणाऱ्या 31 मज्जातंतूंच्या जोड्या म्हणजे त्याच्या तारा. विजेच्या सूक्ष्म लहरींनी त्यांतून निरोप जातात-येतात. मेंदूतील असंख्य पेशींनी एकदमच भलते निरोप सोडले, की मुलाला आकडी येते. वारंवार अशी आकडी येणे म्हणजे मिरगी. हा जिन्नाचा असर नव्हे. मज्जासंस्थेचा विकार आहे. चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. मुलाला कुशीवर वळवा. आकडी 5 मिनिटांहून अधिक टिकल्यास तडक इस्पितळ गाठा. दुआ जरूर मागा. इलाज करणेही सुन्नतच आहे. डॉक्टरांचे औषध मनाने बंद करू नका. आणि अशा मुलाची, विशेषतः मुलीची, शाळा सोडवू नका.