लोहाराची भूमिती



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना किंचित विस्मय वाटेल. मोटरसायकलचे इंजिन घेऊन आणि लोखंडी नळ्यांचा सांगाडा सांधून चार चाकांची लहान, हलकी मोटार घडविता येते काय, आणि येत असल्यास ती घडविताना कोणते भान ठेवावे, हा तो विषय होय. ज्याचा जन्म खडू आणि फळा यांच्या सहवासात गेला, अशा निवृत्त शिक्षकाने या लोखंडी प्रकरणात का पडावे, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर एवढेच की, शाळेत आम्ही जी भूमिती शिकवितो, तिचा कस या गाडीइतका उघडपणे दुसरीकडे क्वचितच लागतो.

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे हे गाव आहे. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मग्राम म्हणून ते आपणास ठाऊक असेल. त्याच गावच्या दत्तात्रय लोहार या कारागिराने आपल्या मुलाच्या हौसेखातर, जुन्या भंगारातील भाग जमवून एक चिमुकली जीप तयार केली. खर्च सुमारे साठ हजार रुपये. ती चालू करावयाची ती दुचाकीप्रमाणे पायाने किक मारून. २०२१ च्या डिसेंबरात तिचे चलच्चित्र उद्योगपती आनंद महिंद्र यांच्या पाहण्यात आले. त्यांनी त्या कल्पकतेची मुक्तकंठाने वाखाणणी केली, आणि त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. २०२२ च्या जानेवारीत हा विनिमय पुरा झाला. मात्र ही गाडी रस्त्याच्या नियमांत बसत नाही, असेही त्यांनी त्याच वेळी स्पष्ट लिहिले होते. लोकांनी कौतुक तेवढे लक्षात ठेवले आणि नियमाची गोष्ट सोयीस्करपणे विसरून गेले. मला आज या दोहोंचा मेळ घालावयाचा आहे.

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरील अनसिंग हे माझे गाव. आमच्याकडील अशा कोणत्याही मोठ्या गावात वेल्डिंगचे एखादे तरी दुकान असतेच. वखराची पास बदलणे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा तुटलेला साटा सांधणे, खिडक्यांचे गज बसविणे ही तेथली नित्याची कामे. देवराष्ट्र्याची वार्ता ऐकल्यावर अशा दुकानात काम करणाऱ्या तरुणाच्या मनात ‘आपणही एक गाडी करू’ असा विचार न आला तरच नवल! त्या तरुणाला नुसती शाबासकी देणे धोक्याचे, आणि नुसते हसून वाटेला लावणे त्याहून अनुदारपणाचे. त्याला द्यावयाचा तो हिशेब द्यावा, असे माझे मत आहे.

प्रथम नळीचा हिशेब पाहू. पंचवीस मिलीमीटर बाहेरील व्यासाची आणि दोन मिलीमीटर जाडीच्या भिंतीची पोलादी नळी घ्या. तिचे वजन मीटरमागे सुमारे ११३० ग्रॅम भरते. तेवढ्याच वजनाचा भरीव गज केला, तर तो जेमतेम साडेतेरा मिलीमीटर जाडीचा होईल. आता दोन्ही वाकवून पाहा. नळी त्या गजापेक्षा सुमारे पावणेसहा पट ताठ ठरते. धातू तितकाच आहे, परंतु नळीत तो मध्यापासून दूर नेऊन ठेवला आहे, आणि वाकण्यास विरोध करण्याचे सामर्थ्य या दूरपणात असते. वेळूचा बांबू पोकळ असूनही छपराचा भार सहज तोलतो, त्यामागील इंगित हेच.

दुसरा हिशेब त्रिकोणाचा. चार पट्ट्या टोकांशी खिळ्यांनी जोडून चौकोन करा आणि त्याचा एक कोपरा दाबा. चौकोन तत्काळ तिरका होतो. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र पट्टी मोडल्यावाचून आपला आकार सोडीत नाही, कारण तीन बाजू ठरल्या की तीन कोन आपोआप ठरतात. आठवी-नववीच्या वर्गात आम्ही हे प्रमेय म्हणून पाठ करून घेतो. गाडीच्या सांगाड्यात तेच प्रमेय माणसाचा जीव राखते. प्रत्येक चौकोनात एक कर्ण घालावा, आणि चाकांचा व इंजिनाचा भार नळीच्या मध्यावर न टाकता जेथे अनेक नळ्या एकत्र येतात त्या सांध्यावर आणावा. एवढा नियम पाळला, तर थोड्या लोखंडात भक्कम सांगाडा उभा राहतो. तो न पाळता केवळ जाड लोखंड वापरीत गेल्यास गाडी जड होते, आणि ते लहान इंजिन बिचारे स्वतःचेच ओझे ओढीत बसते.

आता इंजिनाकडे वळू. शंभर घनसेंटीमीटरच्या मोटरसायकलीची शक्ती सुमारे आठ अश्वशक्ती असते. दुचाकी आणि दोन स्वार मिळून अडीचशे किलोंच्या आसपास वजन होते. चारचाकी हलकी केली तरी दोन माणसांसह ते चारशेपर्यंत सहज जाते. शक्ती तीच, भार दीडपटीहून अधिक. म्हणून मागील दातेरी चाकाचे दाते वाढवून वेग कमी व ओढ अधिक करावी लागते. पुढील चाकास चौदा आणि मागील चाकास बेचाळीस दाते असतील, तर प्रमाण एकास तीन पडते. बेचाळीसाऐवजी छप्पन केले, तर ते एकास चार होते. शिवाय अडचणी आणखी आहेत. मोटरसायकलीच्या इंजिनाला उलट गिअर नसतो. दुचाकीवर समोरून येणाऱ्या वाऱ्याने ते थंड राहते; गाडीच्या पाठीमागे झाकून बसविले की वारा तुटतो आणि ते तापू लागते. वळणावर बाहेरच्या चाकास आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते, त्याचीही सोय दुचाकीत मुळी नसतेच. यांतील प्रत्येक अडचणीला तोड आहे, पण ती गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वी योजावी लागते.

हे सारे पोरखेळ वाटत असेल, तर इंग्लंडातील एक हकीकत ऐका. दुसरे महायुद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, सर्बिटन येथील चार्ल्स कूपर व त्यांचा पुत्र जॉन यांनी फियाट कंपनीच्या लहान मोटारींचे भाग जोडून शर्यतीची एक गाडी केली. इंजिन होते पाचशे घनसेंटीमीटरचे, मोटरसायकलीचे. त्याची साखळी मागील चाकांना जोडावयाची, म्हणून त्यांनी ते चालकाच्या पाठीमागे ठेवले. यामागे मोठा सिद्धान्त नव्हता. ती सोय होती. परंतु गाडी हलकी झाली आणि वळणावर चपळ ठरली. पुढे विख्यात झालेला स्टर्लिंग मॉस १९४८ मध्ये अशाच कूपर गाडीतून शर्यतीत उतरला. त्याच परंपरेतील, पाठीमागे इंजिन असलेल्या मोठ्या कूपर गाड्यांनी १९५९ व १९६० साली जॅक ब्रॅबम यास जगज्जेतेपद मिळवून दिले, आणि थोड्याच वर्षांत पुढे इंजिन असलेल्या गाड्या त्या शर्यतींतून हद्दपार झाल्या. गॅरेजातील साखळीच्या सोयीने असा इतिहास घडविला.

आपल्याकडे असा पुरुषार्थ झालाच नाही, असे मात्र कोणी समजू नये. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये ‘मीरा’ नावाच्या छोट्या मोटारीचा पहिला नमुना सिद्ध केला, आणि पुढे अनेक वर्षे ते तिच्यात सुधारणा करीत राहिले. वाऱ्याने थंड होणारे दोन सिलिंडरांचे इंजिन मागे, आणि पोलादी कमानींच्या जागी रबराची योजना, अशी तिची पुढील घडण होती. सुमारे बारा हजार रुपयांत ती मध्यम स्थितीच्या कुटुंबास मिळावी, हा त्यांचा मनोदय होता. मीरा कारखान्यातून बाहेर पडली नाही. एका माणसाची बुद्धी आणि बाजारातील मोटार यांमध्ये भांडवल, परवाना आणि परीक्षा असे तीन उंबरठे असतात, हे तिच्या कथेवरून दिसते.

या तिसऱ्या उंबरठ्याविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे नव्या वाहनाच्या नमुन्याची परीक्षा मान्य संस्थेकडून व्हावी लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही त्यांपैकी एक. म्हणून घरी केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर नेता येत नाही. हा कारागिरावर अन्याय आहे, असे मला वाटत नाही. ताशी वीस किलोमीटर वेगाच्या गाडीत जितकी गतिज ऊर्जा साठते, तिच्या चौपट चाळीसच्या वेगात साठते. आणि ती थोपविण्याचे काम दुचाकीच्या ब्रेकवर सोपविले, तर समोरच्या पादचाऱ्याने काय पाप केले? हलक्या चारचाकीला कायद्याची दारे सर्वस्वी बंद आहेत, असेही नव्हे. बजाज कंपनीने २०१२ मध्ये लोकांपुढे मांडलेली, पुढे ‘क्यूट’ नावाने विकली गेलेली गाडी केवळ २१६ घनसेंटीमीटरच्या एका सिलिंडरावर चालते. अशा गाड्यांसाठी क्वाड्रिसायकल हा स्वतंत्र वर्ग सरकारने मान्य केला, आणि २०१८ मध्ये खासगी वापरासही मुभा दिली.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी आज स्पर्धांसाठी नळ्यांच्या सांगाड्याच्या, मोटरसायकलीच्या इंजिनाच्या गाड्या करतात. तेथे गाडी धावण्यापूर्वी परीक्षक तिचा सांगाडा, ब्रेक, सुकाणू तपासतात, आणि चुकले तेथे परत पाठवितात. मग खेड्यातील कारागिराला ही तपासणी का लाभू नये? तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वर्षातून एक दिवस असा ठेवावा की, कोणीही आपली घरची गाडी आणावी. चारही चाकांखालील भार काट्यावर तोलावा. सांगाड्यावर वाळूची पोती रचून तो किती झुकतो ते मोजावे. सांध्याचा एक नमुना घणाने तोडून वितळलेला धातू आतपर्यंत भिनला की नाही ते पाहावे. मोकळ्या मैदानात ब्रेक दाबून गाडी किती अंतरात उभी राहते याची नोंद करावी. यास मोठा खर्च नाही. आणि त्या दिवशी शाळेतील नववीचा वर्ग तेथे न्यावा, म्हणजे त्रिकोण कोणासाठी असतो ते मुलांस पुन्हा सांगावे लागणार नाही.

आपण शहरवासी श्रोते आहात. आपल्या मुलांना पुस्तक मिळते, पण घण हाती येत नाही. आमच्याकडील मुलांना घण मिळतो, पण हिशेब सांगणारा कोणी भेटत नाही. दोघांच्या मध्ये कोठेतरी ती हलकी, स्वस्त आणि निर्धोक गाडी आपली वाट पाहत उभी आहे. तुमच्या घरातील एखादा अभियंता सुटीत आजोळी गेला, तर त्याने गावच्या वेल्डिंगच्या दुकानात एक दुपार घालवावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.