अब्दुस सलाम : फॉरवर्डमध्ये नसलेला भाग



‘नोबेल मिळवणारे मुस्लिम’ ही यादी तुमच्या व्हॉट्सअॅपवर येतेच. त्यात पगडीतले डॉ. अब्दुस सलाम असतात. १९७९, भौतिकशास्त्र. मीही ती अभिमानाने पुढे पाठवलीय. यादीत जे नसतं, ते आज सांगतो.

पंजाबातल्या झंगमध्ये वाढलेला हा मुलगा केंब्रिजला शिकला आणि १९५१ साली लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकवायला परतला. तिथे संशोधनाचं नावच नव्हतं. प्राचार्यांनी विचारलं, वसतिगृह सांभाळता, हिशेब बघता की फुटबॉल क्लब? त्यांनी फुटबॉल घेतला! त्याच काळात थोर शास्त्रज्ञ पाउली मुंबईत आले होते. त्यांची तार मिळताच सलाम धावत मुंबईला आले. कशासाठी? आपल्या विषयावर बोलायला कुणीतरी भेटावं म्हणून. परवानगी न घेता गेल्याबद्दल कॉलेजने कारवाई केली आणि ते दिवस बिनपगारी धरले गेले.

१९५३ साली लाहोरात अहमदियांविरुद्ध दंगली पेटल्या. सलाम अहमदिया होते. पुढच्या वर्षी ते इंग्लंडला गेले.

त्यांचं काम थोडक्यात असं. वीज-चुंबकाचं बल आणि अणुकेंद्रातल्या किरणोत्सर्गामागचं ‘क्षीण’ बल ही मुळात एकाच बलाची दोन रूपं आहेत. १९८३ साली सर्नमध्ये डब्ल्यू आणि झेड कण सापडले आणि हे प्रयोगाने सिद्ध झालं. विश्वातली एकता शोधण्याची ओढ आपल्याला श्रद्धेतून मिळाली, असं सलाम म्हणत. पण धर्म न मानणारे वाइनबर्ग स्वतंत्रपणे त्याच सिद्धांतापर्यंत पोचले, आणि नोबेल दोघांना, ग्लॅशोंसह, मिळालं. ‘सगळं विज्ञान आमच्या किताबात आधीच आहे’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. ओढ कुठूनही येवो, गणित करावंच लागतं.

मला स्वतःला नोबेलपेक्षा त्रिएस्त मोठं वाटतं. १९६४ साली त्यांनी इटलीतल्या या शहरात केंद्र उभारलं. गरीब देशांतल्या संशोधकांनी तिथे काही आठवडे, काही महिने यावं, शिकावं आणि परत आपल्या देशात जाऊन काम करावं. लाहोरात आपण एकटे पडलो, तसं दुसऱ्या कुणी पडू नये, एवढीच ती कल्पना.

१९७४ साली पाकिस्तानच्या संसदेने घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगर-मुस्लिम ठरवलं. सलाम यांनी सरकारच्या विज्ञान सल्लागारपदाचा राजीनामा दिला. नागरिकत्व मात्र शेवटपर्यंत सोडलं नाही. नोबेल घ्यायला शेरवानी-पगडीतच गेले. तोच आपल्या फॉरवर्डमधला फोटो.

अहमदियांच्या श्रद्धेशी माझं पटतं की नाही, हा प्रश्न वेगळा. पण कोण मुसलमान हे संसदेत मतं मोजून ठरवायचं? आपण इथे अल्पसंख्य आहोत. बहुमताने आपली ओळख ठरवली तर आपल्याला चालेल का?

१९९६ साली ते ऑक्सफर्डमध्ये वारले. दफन पाकिस्तानात, रबवाला झालं. कबरीच्या दगडावर ‘पहिले मुस्लिम नोबेल विजेते’ असं इंग्रजीत कोरलं होतं. नंतर त्यातला ‘मुस्लिम’ हा शब्द पुसून टाकला. आता तिथे वाचायला मिळतं, ‘पहिले’, मग मोकळी जागा, मग ‘नोबेल विजेते’.

प्रश्न असतील तर घेऊ या.