जाळरेषेला या

जंगल राखणाऱ्या स्वयंसेवकांविषयी बोला, असं मला सांगितलं आहे. वेळ थोडा आहे, म्हणून मुद्द्याचं आधीच सांगून टाकतो. आमच्या डहाणू तालुक्यातल्या सायवनकडच्या जंगलासाठी काही करावं असं मनापासून वाटत असेल, तर जुलैची वाट पाहू नका. जानेवारीत या. रोप घेऊन नको, विळा घेऊन या. वणवा अडवणारी जाळरेषा काढायला या.

रोपं लावू नका, असं मी म्हणत नाही. लावा, जरूर लावा. पण पाहा, बाळाच्या बारशाला सगळा गाव येतो. पाळणा हलवतो, कानात कुर्र करतो, घुगऱ्या खातो आणि घरी जातो. त्याच बाळाला फाल्गुनात ताप भरला, तर रात्रभर कपाळावर ओल्या पट्ट्या कोण ठेवतं? आपलं वृक्षारोपण हे बारसं आहे. पाऊस सुरू झाला की शहरातून गाड्या येतात, फलक लागतो, फोटो निघतात. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा जंगलाला खरा ताप भरतो, तेव्हा उशाशी कोणी नसतं. असतो एक वनरक्षक आणि पाड्यावरची चार पोरं.

बरं, जंगलातली बहुतेक लेकरं तर अशी, की त्यांचं बारसं कधी झालेलंच नसतं. ऐन, हेद, कळंब, बिबळा यांचं बी आपलं आपण पडतं, पावसात उगवतं, दिवाळीपर्यंत वीतभर होतं. त्याला कुणी नाव ठेवलेलं नाही, फलक तर नाहीच. एक वणवा फिरला की ती सगळी गेली. सागाचं पोर चिवट, वरचं जळालं तरी मुळातून पुन्हा फुटतं. पण दरवर्षी जळत राहिलं तर तेही वर्षानुवर्षं गुडघ्याएवढंच राहतं. ज्या टेकडीवर दरवर्षी आग फिरते, तिथे नीट बघा. म्हातारी झाडं दिसतील, पोरं दिसणार नाहीत. आपण शंभर रोपं लावल्याचा आनंद मानतो, आणि आपोआप आलेली हजारो रोपं डोळ्यांदेखत जळू देतो. हे मला सहन होत नाही, म्हणून पुन्हा सांगतो: जाळरेषेला या.

जाळरेषा तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे, पण ती निघते कशी हे थोडं सांगतो. पावसाळ्यानंतर आमच्याकडे गवत छातीएवढं वाढतं आणि मार्गशीर्षापर्यंत वाळून सोनेरी होतं. जंगलाच्या कडेने, पायवाटेच्या दोन्ही अंगांना, डोंगराच्या सोंडेवरून एक पट्टा आखून घेतात. त्यातलं गवत कापायचं, झुडपं मारायची, ते सगळं पट्ट्यातच वाळू द्यायचं. मग वारा पडलेला बघून, दव असताना ते जाळून टाकायचं. दोन्ही कडांना माणसं उभी, हातात ओल्या डहाळ्या. ठिणगी बाहेर पडली की तिथल्या तिथे झोडपायची. एवढं केलं की झालं, असं वाटतं ना? नाही. सागाचं पान पत्रावळीएवढं. माघात ते गळायला लागतं आणि मोकळा केलेला पट्टा आठ-पंधरा दिवसांत पुन्हा भरून जातो. आग त्या पाल्यावरून सहज पलीकडे चालत जाते. म्हणून रेषा झाडून काढावी लागते, पुन्हा पुन्हा. हल्ली वनखात्याकडे पाला उडवायची यंत्रं आली आहेत, पण चढावर आणि खडकाळीत खराटाच लागतो. या झाडण्यालाच माणसं कमी पडतात.

१५ फेब्रुवारीपासून वनखात्याचा वणव्याचा हंगाम धरला जातो. रेषा त्याच्या आत निघाली पाहिजे. रेषा काढायला मार्चमध्ये येऊन उपयोग नाही.

आता कोणी म्हणेल, आग लावतात तेच पाड्यावरचे लोक, रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळून राब भाजतात, मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात. हे बोलताना जरा जपून बोलावं. राब भाजल्याशिवाय नागलीचं, भाताचं रोप धरत नाही, हा इथला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. राब सकाळी, वारा नसताना, भोवतीची जागा साफ करून भाजला तर तो जंगलात शिरत नाही. जाणती माणसं तसाच भाजतात. दुपारच्या वाऱ्यात घाई केली की घोटाळा होतो. आणि रस्त्यावरून जाता जाता गाडीतून विडी-सिगारेटचं थोटूक वाळल्या गवतात टाकणारे, ते कुठल्या पाड्यावरचे? त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही.

कागदावरचं संरक्षण आपल्याकडे कमी नाही. डहाणू तालुका १९९१ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून प्राधिकरण झालं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींनी त्याचं काम बरीच वर्षं पाहिलं. त्याने कारखाने अडले. वणवा अडवायला मात्र माणूसच लागतो.

आणि जागरण करणारी माणसं आपल्याकडे आहेत, नाहीत असं नाही. डहाणूच्या किनाऱ्यावर भर पावसात जखमी कासवं लागतात, जाळ्यात अडकून पर कापला गेलेली. कोळी बांधवांचा निरोप आला की तिथले स्वयंसेवक वेळ-काळ न बघता धावतात, कासव शुश्रूषा केंद्रात आणतात, कधी महिनोन्‌महिने सांभाळतात. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती २०११पासून वनखात्याबरोबर स्वयंसेवकांनी वस्त्या-वस्त्यांतून हेच सांगितलं, की कचरा साठला की कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. शंभर वेळा तेच बोलायचं. त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही. ही सगळी उशाशी बसणारी माणसं.

एक गोष्ट मात्र शहरातल्या मित्रांना थोडं रागावून सांगतो. पाड्यावरच्या पोरांना 'श्रमदान करा' म्हणण्याआधी ही भूमी कोणती आहे ते आठवा. इथल्या वारल्यांनी १९४५ साली, झरीच्या परिषदेनंतर, गोदूताई आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वेठ नाकारली. गवत कापण्याच्या मजुरीसाठी त्याच वर्षी तलवाड्याला गोळ्या झेलल्या. त्यांच्या नातवंडांना त्याच डोंगरावर फुकट गवत कापायला सांगताना आपली जीभ अडखळली पाहिजे. त्यांना बूट द्या, बॅटऱ्या द्या, रात्री पाणी आणि पोटभर जेवण पोचवा. रोज बुडत असेल तर रोजाचे पैसे कुठून येतील ते बघा. विम्याबद्दलही बोलायचं होतं, आणि २००६च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा जो अधिकार दिला आहे त्याबद्दल... पण घड्याळ पुढे गेलं आहे. तो विषय वेगळा वेळ मागतो.

वसई-विरारचे श्रोते ऐकत असतील, तर तुमच्या नळाला आमच्या शेजारच्या धामणी धरणातलं सूर्या नदीचं पाणी येतं. म्हणून तुम्हाला जरा हक्काने बोलावतो.

तर जानेवारीत या. आधी वनरक्षकाला आणि गावच्या लोकांना विचारून या, आपल्या मनाने काही पेटवू नका. जाळण्याचं काम जाणत्यांचं. तुम्ही गवत कापा, पाला ओढा, खराटा धरा. कुठे धूर दिसला तर वनखात्याचा १९२६ हा नंबर फिरवा, फुकट लागतो. आणि एक राहिलंच, अंगात सुती कपडे घाला, पूर्ण बाह्यांचे. नायलॉनचा शर्ट आगीजवळ वितळून कातडीला चिकटतो.