गल्ल्याचा ताळा

छोट्या धंद्याचा हिशेब स्वतः लिहायचा, तर रोजमेळापासून, म्हणजे रोजच्या रोख जमाखर्चाच्या वहीपासून, सुरुवात करा. पोळीभाजी केंद्राचं उदाहरण घेऊ. सकाळी गल्ल्यात १,२०० रुपये होते. ही आरंभीची शिल्लक. दिवसभरात रोख विक्री झाली ३,४५० रुपयांची. दोन्ही रकमा डावीकडे, जमेच्या बाजूला. उजवीकडे नावे: भाजी ९००, तेल ६४० आणि घरी नेलेले ५००. वजा जाता २,६१० रुपये उरतात. रात्री गल्ला मोजा. ताळा जुळला नाही, तर फरक तसाच लिहून ठेवा. आकडा ओढूनताणून बसवू नका.

ते ५०० रुपये मात्र धंद्याचा खर्च नव्हे, ती मालकाची उचल. ती खर्चात मिसळली, की नफा कमी दिसतो आणि चालणारा धंदाही तोट्यातला वाटू लागतो. मोबाइलवरून आलेले पैसे बँकेच्या रकान्यात लिहा. उधारीसाठी खतावणीत, म्हणजे खातेवहीत, प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळं पान द्या, तारखेसह.

हे अंगवळणी पडलं, की प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहिण्याची दुहेरी नोंद पद्धत शिकायला घ्या. इटलीच्या लुका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात ती समजावून सांगितली होती. आजची संगणकावरची टॅलीही तिच्यावरच चालते.